सात नंबर प्रेसवरचा शब्द

मित्रांनो, जुन्या छत्र्या, फाटकी पुस्तकं, मोडक्या खुर्च्या आपापली कहाणी तुम्हांला सांगून गेल्या असतील. त्यांना निदान अंग तरी असतं. मी एक जुना शब्द आहे. मला वजन नाही, सावली नाही. कुणी उच्चारलं किंवा लिहिलं तरच मी असतो, आणि पुसलं की नसतो. माझं नाव ‘रिपीट’. आज जे सांगणार आहे ते ऐकायला गोड नाही, पण ते सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म लॅटिन भाषेतला, रोमच्या बाजूचा. तिथं ‘पुन्हा’ असं सांगणारा एक इवलासा तुकडा होता आणि एक धष्टपुष्ट क्रियापद होतं. त्या क्रियापदाचे अर्थ बरेच. एखाद्या ठिकाणाकडे जाणं, एखादी गोष्ट मागणं, विचारणं आणि शत्रूवर चालून जाणंसुद्धा. दोघं जोडले गेले आणि मी झालो. पुन्हा जाणं, पुन्हा मागणं, पुन्हा हल्ला करणं, हे सगळं माझ्या पोटात होतं. पुढे फ्रान्समधून इंग्लंडात गेलो. तिथं तीन-चारशे वर्षांत माझी धार गेली आणि ‘तेच परत करणं, तेच परत म्हणणं’ एवढाच सौम्य अर्थ उरला. मग बोटीतून इकडे आलो.

कोल्हापुरात मला कुणी परका समजलं नाही. मिसळीच्या दुकानात रश्श्याची वाटी रिकामी झाली की मी होतोच. फौंड्रीवाल्याला तेच काम परत मिळालं की ‘रिपीट ऑर्डर’ म्हणून पेढे वाटले जायचे. संध्याकाळनंतर मी आणखी कुठल्या टेबलांवर बोलावला जातो, ते मुलांना सांगण्यासारखं नाही. शाळेत मात्र माझं तोंड काळं झालं. नापास झालेल्या पोराच्या नावापुढे ‘रिपीटर’ लिहायला मला नेलं. ते काम मला कधीच आवडलं नाही.

संयोगिता मला तिथंच पहिल्यांदा भेटली. गारगोटीची पोरगी. बारावीला इंग्रजीत चार गुणांनी गेली. हजेरी घेताना सर तिचं नाव न घेता ‘रिपीटर’ म्हणायचे आणि पुढच्या बाकांवरची पोरं हसायची. तिनं कॉलेजला जाणं सोडलं, पण परीक्षा सोडली नाही. शिरोली एमआयडीसीजवळ तिची थोरली बहीण राहायची, तिला ती आक्का म्हणायची. आक्काच्या खोलीवर राहून ती एका छोट्या कारखान्यात प्रेसवर लागली. दिवसा वायसर, म्हणजे नटाखालच्या पत्र्याच्या चकत्या, पाडायचे आणि संध्याकाळी इंग्रजीचं पुस्तक उघडायचं. मार्चमध्ये पुन्हा बसायचं आणि पास व्हायचं, एवढंच तिला हवं होतं.

प्रेस म्हणजे काय, ते सांगतो. खाली पोलादी साचा असतो आणि वर जड हातोडा. साच्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून पायानं पायडल दाबलं की हातोडा एकदा खाली येतो, वायसर पडतो, आणि तो हातानं काढून घ्यायचा. एक दाब, एक ठोका. पण आतली स्प्रिंग झिजली की कधीतरी हातोडा न दाबता दुसऱ्यांदा खाली येतो. तेव्हा आत कुणाचा तरी हात असतो. या दुखण्याला त्या शेडातली माणसं ‘रिपीट’ म्हणायची. रोम सोडल्यानंतर हरवलेला माझा पुन्हा हल्ला करण्याचा अर्थ मला शिरोलीच्या पत्र्याच्या शेडात परत मिळाला. मला त्याचा आनंद झाला नाही.

त्या शेडात केरबाकाका होते. तोफखान्यात सोळा वर्षं काढून निवृत्त झालेले आणि इथं सगळ्या प्रेसवर देखरेख करणारे. पहिल्याच दिवशी संयोगिताला त्यांचं बोलणं ऐकू आलं नाही, म्हणून तिनं इंग्रजी पाजळलं, “काका, रिपीट?”

काका दचकले आणि मग हसले. “पोरी, ह्यो शबुद जपून वापर. तोफखान्यात वायरलेसवर रिपीट म्हटलं की तोफ परत डागत्यात. ऐकू आलं न्हाय तर ‘परत सांगा’ म्हणायचं. आन् हितं प्रेसच्या तोंडावर रिपीट लिवल्यालं दिसलं, तर हात लावायचा न्हाय.”

“बरं काका.”

“बरं न्हाय. म्हणून दाखव.”

“रिपीट लिवल्यालं दिसलं तर हात लावायचा न्हाय,” संयोगितानं म्हणून दाखवलं. तेव्हापासून रोज सकाळी ती आधी प्रेसचं तोंड बघायची आणि मग स्टुलावर बसायची.

त्या शेडाची रीत अशी होती की लिहिलं म्हणजे सांगितलं. बिघाड दिसला की खडूनं लिहायचं आणि आपल्या वाटेनं जायचं. ही रीत मला मोठा मान वाटायची. माणसं माझ्यावर एवढी विसंबतात, म्हणून मी मनातल्या मनात फुगायचो. मूर्खच होतो.

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. अष्टमीला दुपारी खिजर, सणाला गावी गेलेल्या संयोगिताच्या सात नंबर प्रेसचा साचा बदलत होता. खिजर हा तिथला फिटर, हाताचा नेक माणूस. रिकामा ठोका मारून बघताना हातोडा दोनदा आला. त्यानं कपाळाला हात लावला. स्प्रिंग आणायची तर सणामुळे दुकानं बंद, आणि त्याला गडहिंग्लजची एसटी गाठायची होती. त्याच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. त्यानं खडू घेतला, सात नंबरच्या तोंडावर ठळक अक्षरांत मला लिहिलं आणि पिशवी उचलून पळाला. फ्यूज काढून खिशात टाकायला त्याला अर्धं मिनिट लागलं असतं. त्याला वाटलं, शब्द आहे की.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. शेड झाडलं, झेंडूच्या माळा आल्या, नारळ आले. मशिनं पुसायचा मान दरवर्षी केरबाकाकांचा. घासलेटची चिंधी घेऊन ते एकेक प्रेस लेकराला न्हाऊ घालावं तसं पुसत आले. सात नंबरपाशी थांबले. त्यांनी मला वाचलं, मोठ्यानं वाचलं. “रिपीट व्हय? खिजऱ्यानं लिवलंय.” मग म्हणाले, “आज देवाच्या अंगावर असलं अक्षर नगं. परवा सांगू पोरीला.”

आणि त्यांनी मला पुसलं.

मित्रांनो, ओरडता आलं असतं तर मी ओरडलो असतो. माझ्या जागी त्यांनी कुंकवाचं स्वस्तिक काढलं, हळद लावली, उदबत्ती ओवाळली, हात जोडले. त्या माणसाच्या मनात खोट नव्हती. मग कुणीतरी हाक मारली, नारळ फुटला, बुंदी वाटली गेली. दसऱ्याची सुट्टी झाली. दोन दिवसांत मी त्यांच्या डोक्यातूनही पुसला गेलो.

एकादशीला सकाळी आठ वाजता संयोगिता आली. शिकवल्याप्रमाणे तिनं आधी प्रेसचं तोंड पाहिलं. तिथं कुंकू होतं. तिनं नमस्कार केला आणि स्टुलावर बसली. पहिले पंधरा-वीस वायसर नीट पडले. नंतरचा काढायला तिनं उजवा हात आत घातला. पाय पायडलवर नव्हता. हातोडा पुन्हा खाली आला.

पलीकडच्या कोपऱ्यात काका चहाचा कप धरून उभे होते. लागोपाठ दोन ठोके त्यांच्या कानांवर पडले आणि मी त्यांना आठवलो. कप तिथंच पडला. ते धावले, पण आठवायला उशीर झाला होता. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

चौथ्या दिवशी कारखाने तपासणारे साहेब आले. मालक विजयसिंह म्हणाले, “वायसर काढायला चिमटा दिलेला असतो, साहेब. तिनं वापरला नाही. निष्काळजीपणा तिचा.” रोजचा आकडा गाठायचा तर चिमटा धरून भागत नाही, हे त्या शेडात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी बोललं नाही. खिजरला विचारलं, तर तो रडकुंडीला आला.

“म्या लिवलंतं, साहेब! अल्लाची आण, मोठ्या अक्षरात लिवलंतं!”

“कुठं आहे?”

सगळ्यांनी सात नंबरकडं पाहिलं. तिथं सुकलेलं कुंकू होतं. खिजरनं केरबाकाकांकडं पाहिलं, काकांनी जमिनीकडं. खिजरला त्याच दिवशी घरी बसवलं. खिजरशिवाय मला पाहिलेला एकच माणूस होता आणि तो गप्प राहिला. मला तेव्हा काकांचा भयंकर राग आला. अजूनही पुरता गेलेला नाही.

पंधरा दिवसांनी काका आक्काच्या खोलीवर गेले. संयोगिता जमिनीवर बसून डाव्या हातानं अक्षरं गिरवत होती. उजव्या हाताला मोठी पट्टी होती. काका दारातच बसले आणि कितीतरी वेळ चपलेचा अंगठा चाचपत राहिले.

“पोरी, खिजरनं लिवलंतं. म्या पुसलं. तुला सांगायचं ऱ्हायलं.”

आक्का तांब्या घेऊन येत होती, ती तशीच उभी राहिली.  संयोगिताच्या डोळ्यांतलं पाणी वहीवर पडत होतं. मग ती म्हणाली, “आता ह्येच साहेबांपुढं परत बोला.”

“एकदा बोललो की गं. आन् लई जड गेलं. परत नगं.”

“काका, मला म्हणून दाखवायला लावलंतासा. आता तुम्ही म्हणून दाखवा.”

काका दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कचेरीत गेले. टेबलासमोर उभं राहून बोलले. साहेबांनी पेन उघडलं आणि म्हणाले, “पुन्हा सांगा, सावकाश.” काकांनी पुन्हा सांगितलं. लिहून झाल्यावर साहेबांनी ते वाचून दाखवलं आणि विचारलं, “हे बरोबर आहे?” काका तिसऱ्यांदा म्हणाले, “व्हय. म्या पुसलं.” मग त्यांनी खाली सही केली.

कागद बदलला. संयोगिताच्या नावापुढचा निष्काळजीपणा खोडला गेला. खिजर कामावर परत आला. सात नंबरला नवी स्प्रिंग बसली आणि पुढे जाळीही लागली. काकांचं काम गेलं. हे सगळं झालं, पण बोटं काही परत आली नाहीत. पुन्हा पुन्हा होणं हाच ज्याचा जन्म, तो मी हे तुम्हांला सांगतो आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्या शब्दावर एखाद्याचा हात सोपवू नका. मला पुसायला एक चिंधी पुरते. धोका दिसला तर लिहा, पण लिहून एसटीकडं पळू नका. आधी वीज तोडा, मग माणसाच्या कानावर घाला आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. आणि दुसऱ्यानं लिहिलेलं पुसायला जाल, तेव्हा चिंधी खाली ठेवा आणि पुन्हा विचारा. परवा सांगू म्हणू नका.

नोव्हेंबरात संयोगिता परीक्षेचा फॉर्म भरायला गारगोटीला गेली. कॉलेजच्या खिडकीजवळ उभी राहून तिनं डाव्या हातानं एकेक रकाना भरला. ‘विद्यार्थ्याचा प्रकार’ या रकान्यात तिनं ‘रिपीटर’ म्हणून मला लिहिलं. वाकडातिकडा, पण पूर्ण. आतल्या कारकुनानं मान वर न करता फॉर्म पाहिला आणि बाहेर सरकवला.

“हे काय अक्षर आहे? वाचता येत नाही. दुसरा फॉर्म घे, परत लिही.”

तिनं दुसरा फॉर्म घेतला, उजव्या हाताच्या पट्टीनं तो कठड्यावर दाबून धरला आणि पहिल्या रकान्यापासून पुन्हा लिहायला लागली.