रविवारी बघू

मी एक दरवाजा बोलतोय. नावाची पाटी आणि घंटी मिरवणारा बाहेरचा दरवाजा नव्हे. स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्या मधला, साधा, एका फळीचा. पाहुणे माझ्यापर्यंत फारसे पोचत नाहीत. येतात ती घरचीच माणसं, तीही बहुतेक वेळा हातात काहीतरी घेऊन. त्यामुळे मला हातांपेक्षा खांदे, कोपर आणि गुडघे जास्त ओळखीचे.

सुताराच्या दुकानात माझ्यासारखे आणखी बरेच जण भिंतीला टेकून उभे होते. सगळे सारखेच गुळगुळीत. मला उचललं ते केवळ मी पुढे होतो म्हणून. पहिली काही वर्षं मी निमूटपणे उघडलो आणि निमूटपणे मिटलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. जो कुरकुरत नाही त्याच्याकडे माणसं बघत नाहीत.

मग माझी वरची बिजागरी सैल पडली. मी एका बाजूने किंचित झुकलो आणि माझा खालचा कोपरा फरशीला घासायला लागला. तिथून मला घरात किंमत आली. मला उघडायचं तर मूठ जराशी वर उचलून अंग टाकावं लागे. आधी खर्र, मग धप.

घरमालक लिफ्ट दुरुस्त करायचे. सगळे त्यांना लिफ्टवाले म्हणत. दिवसभर लोकांच्या इमारतींत हिंडून लिफ्टची दारं नीट लागतात की नाही ते बघायचं, अडकलेल्यांना बाहेर काढायचं, हे त्यांचं काम. स्वतःच्या इमारतीला मात्र लिफ्ट नव्हती. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते रोज धापा टाकत यायचे आणि शेजाऱ्यांनी त्यावर इतकी वर्षं तोच विनोद केला की शेवटी तेच तो आधी करून टाकायचे.

त्यांच्या बायकोला अख्खी इमारत वहिनी म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. वहिनी एकदा म्हणाल्या, "साऱ्या गावाची दारं दुरुस्त करता, घरचं एक तेवढं घासतंय."

लिफ्टवाल्यांनी चहाचा कप हातात धरूनच माझ्याकडे वर पाहिलं. "खालून तासून काही होणार नाही. वरचे स्क्रू सैल झालेत. आवळले की झालं, दोन मिनिटांचं काम. रविवारी बघू."

असे किती रविवार आले आणि गेले, मी मोजले नाहीत. पुढे पुढे वहिनीच त्यांच्या आधी "रविवारी बघू" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

आणि खरं सांगायचं तर माझ्या घासण्याची सगळ्यांना सवय झाली होती. लिफ्टवाले मला कमरेने ढकलायचे, हळूहळू, हातातला भरलेला कप सांभाळत. तेव्हा माझा आवाज लांबट यायचा. लेक पायाने ढकलायची आणि आवाज एकदम तुटायचा. वहिनी डावा खांदा लावायच्या, एकाच दमात. ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या असल्या तरी कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, हे त्यांना मान न वळवता कळायचं. जमिनीवर माझ्या कोपऱ्याने पाव वर्तुळाची रेघ कोरली होती. वहिनी रोज फरशी पुसायच्या, पण ती पुसून जाणाऱ्यांतली नव्हती.

वहिनींचे गुडघे बोलायला लागले तेव्हा दोघांनी गावाच्या दुसऱ्या टोकाला तळमजल्यावरचं एक जुनं घर घेतलं. भिंतींना ओल, फरशी फुटलेली, वायरी लोंबत असलेल्या. लिफ्टवाले म्हणाले, आपण घरचेच मिळून करू, भाऊ आहे, मेहुणा आहे. ते होईस्तोवर हे घर विकलं जाईल. त्यांनी तिथली पहिली फरशी स्वतःच्या हातांनी उखडली.

मग एका दुपारी ते कामावरून लवकर आले. बरं वाटत नाही म्हणाले. मला कमरेने ढकलून मागच्या खोलीत गेले, मला लोटून घेतलं आणि पडले. वहिनी स्वयंपाकघरात भाजी चिरत बसल्या होत्या. मधूनमधून त्या कान देत होत्या. माझा आवाज येत नव्हता, म्हणजे अजून झोपलेत. त्यांना उठवायला नको म्हणून वहिनींनी भांडीसुद्धा सावकाश ठेवली. दिवेलागणीला त्यांनी मला खांदा लावला, तेव्हा उठवण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

पुढचे महिने माझ्या अंगात लाकडापलीकडे काही नव्हतं, आणि वहिनींच्याही नसावं. ठरलेलं सगळं ठरल्याप्रमाणे चालू राहिलं. एक घर विकायचं होतं, दुसरं बांधून काढायचं होतं, आणि कामं कोणासाठी थांबत नाहीत. लिफ्टवाल्यांचे धाकटे भाऊ, म्हणजे भाऊजी, आणि वहिनींचे भाऊ, ज्यांना सगळे लेकीचंच बघून मामा म्हणायचे, सुट्टीच्या दिवशी नव्या घरी राबायला लागले. लेक नोकरी सांभाळून सामान आणायची, रंग निवडायची, सगळ्यांना कामाला लावायची. माणसं चांगली होती. दमून जायची आणि पुन्हा यायची.

ती सगळी वहिनींना विचारायचीसुद्धा. हे कपाट देऊन टाकू? बरं. पडदे नवे घेऊ? बरं. ओटा खिडकीखाली घेऊ? बरं. मला त्या 'बरं'ची चीड यायची. वहिनींची नव्हे, ऐकणाऱ्यांची. भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ जागा ओळखणारी ही माणसं. त्यांना 'बरं'मधला पोकळपणा कळू नये?

घर विकून देणारा एजंट गिऱ्हाइकं घेऊन यायचा. खोल्या अशा दाखवायचा की जणू त्यानेच त्या वाढवल्या आहेत. एकदा एक तरुण जोडपं आलं. त्यातल्या बाईने मला एका बोटाने ढकललं. मी हललो नाही. एजंट ओशाळं हसला, हवेने जरा फुगलंय म्हणाला आणि सगळा भार टाकून मला उघडलं. तिचं लक्ष खालच्या रेघेकडे गेलं. हे कशाचं, तिने विचारलं. तेवढी फरशी बदलता येईल, एजंट म्हणाला. भाऊजी तिथेच होते. ते लगेच बाह्या सरसावून म्हणाले, दार आजच्या आज तासून देतो, चिंताच नको.

"त्याला हात लावू नका," वहिनी खुर्चीतून म्हणाल्या. "तो दरवाजा मी नेणार आहे."

भाऊजींनी बाह्या पुन्हा खाली ओढल्या. कित्येक आठवड्यांत त्यांनी केलेली ही पहिली मागणी. तरुण बाई घाईने म्हणाली, न्या की, आम्ही इथे सरकतं दार बसवणारच होतो. अशा रीतीने घर विकलं गेलं आणि मी तेवढा उरलो. भांडी, खुर्च्या, पलंग, कशाबद्दलही वहिनी बोलल्या नव्हत्या. त्यांना मी हवा होतो, आणि हे घरातल्या सगळ्यांनी ऐकलं होतं.

भाऊजी आणि मामांनी मला तीन मजले खाली उतरवलं. प्रत्येक वळणावर भांडण. मामा म्हणत, आडवा धरा. भाऊजी म्हणत, उभा. भाऊजी विम्याच्या कचेरीत कारकून, पण हातात हत्यार आलं की सगळं येतं अशी त्यांची समजूत, म्हणून मामा त्यांना इंजिनिअरसाहेब म्हणायचे. "इंजिनिअरसाहेब, भिंत आधीपासून तिथेच आहे, ती सरकणार नाही," असं त्यांना जिन्यात निदान दोनदा ऐकावं लागलं.

नव्या घरात मी चौकटीत मावेना. उंचीला बोटभर जास्त होतो. मामांचं म्हणणं, चौकट वर घ्या. भाऊजींचं म्हणणं, दार कापा. दोघांनी घर डोक्यावर घेतलं. शेवटी लेकीने निकाल दिला: नवं प्लास्टर फोडायचं नाही, दार कापा, आईला दरवाजा हवाय ना, मिळतोय की. ती दमलेली होती, तिचाही बाप गेला होता आणि तिला कोणी काही विचारत नव्हतं, एवढं मी तिच्या बाजूने सांगतो.

वरून कापणं भागच होतं, ते मी समजू शकतो. पण भाऊजी तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी माझ्या खालच्या कडेवर रंधा फिरवला, पुन्हा पुन्हा. घासून घासून झिजलेला माझा कोपरा भुसा होऊन खाली पडला. नव्या बिजागऱ्या, नवे लांब स्क्रू, वर पांढरा रंग. रंधा मारताना ते एकदा थांबले, मनगटाने डोळे पुसले आणि म्हणाले, "दादाने आयुष्यभर चालढकल केली. निदान आपण तरी वहिनींना नीट चालणारं दार देऊ." मामांनी पुढे येऊन माझं दुसरं टोक धरलं. भावाचं राहिलेलं काम भाऊ पुरं करत होता. त्याला कोण अडवणार?

मी एका बोटाने उघडायला लागलो. तिघांनी मला कितीदा तरी उघडून मिटून पाहिलं, लहान मुलांसारखं. लोण्यासारखं चालतंय, मामा म्हणाले, आणि ते इंजिनिअरसाहेबांना कौतुकाने बोलल्याचं ते पहिलंच उदाहरण.

वहिनी त्या वेळी जुन्या घराच्या किल्ल्या द्यायला गेल्या होत्या. परत आल्या त्या हात हलवत. कसं झालं, लेकीने विचारलं. झालं, त्या म्हणाल्या. मग नव्या ओट्यावर त्यांनी सगळ्यांसाठी चहा केला. ही तिघं मागच्या खोलीत मला लोटून बसली होती. वहिनींना काही सांगायचं नाही, त्यांचं त्यांनाच कळू दे, असं त्यांचं ठरलं होतं. मामा हसू दाबत होते.

वहिनी ट्रे घेऊन आल्या. मला डावा खांदा लावला, अंग टाकलं, एकाच दमात.

माझ्याकडे अडवायला काही नव्हतं. मी सपकन बाजूला झालो. वहिनी ट्रेसकट आत जाऊन पडल्या. कप फुटले, चहा नव्या फरशीवर पसरला. सगळे धावले. लागलं का आई, लेक विचारत होती. नाही, वहिनी म्हणाल्या. त्या कपांकडे बघत नव्हत्या. त्या माझ्या खालच्या कडेकडे बघत होत्या, जिथे आता फट होती आणि फटीतून स्वयंपाकघरातला उजेड येत होता.

भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, आता एका बोटाने उघडतं."

"हो. बरं झालं." वहिनींनी ओली बाही पिळली. मग घड्याळात किती वाजले ते सांगावं तशा म्हणाल्या, "आता आत कोण गेलं, उठलं की नाही, काही कळायचं नाही."

काच गोळा करणारी लेक तशीच थांबली. भाऊजी माझ्याकडे बघत राहिले, मग स्वतःच्या हातांकडे.

दुसऱ्या दिवशी घरात वहिनींशिवाय कोणी नव्हतं. लिफ्टवाल्यांची हत्यारांची पिशवी तशीच बांधलेली आणून खुंटीला अडकवली होती; ती उघडायला कोणी धजावलं नव्हतं. वहिनींनी ती उघडली. तिला ग्रीसचा वास येत होता. त्यांनी स्क्रूड्रायव्हर शोधला, स्टूल ओढलं आणि गुडघ्यांना शिव्या देत वर चढल्या. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू थोडा सैल केला. खाली उतरून मला ढकलून पाहिलं. पुन्हा चढल्या. दुसरा थोडा सैल केला.

त्या स्टुलावर असतानाच लेक कामावरून आली. दारातच थबकली. आईच्या हातात बापाचा स्क्रूड्रायव्हर, आई काय करतेय ते तिला दिसत होतं. मला वाटलं, आता ही ओरडणार. पण तिने पर्स खाली ठेवली, पुढे आली आणि दोन्ही हातांनी स्टूल घट्ट धरलं.

इतक्या महिन्यांत वहिनींना झालेली ती मला दिसलेली पहिली मदत.

मी हळूहळू झुकलो. नवा कोपरा फरशीला टेकला. वहिनींनी खांदा लावला. खर्र. आवाज जुना नव्हता, कोवळा होता. त्यांनी मला परत मिटलं आणि लेकीला म्हणाल्या, "तू ढकल." लेकीने पायाने ढकललं. वहिनी पाठ फिरवून ऐकत होत्या.

मग रविवारी भाऊजी वायरी बघायला आले. सवयीने मला एक बोट लावलं. मी हललो नाही. त्यांनी वाकून पाहिलं, मग वर पाहिलं. "अरेच्चा, वरचे स्क्रू सैल झालेत. दोन मिनिटांचं काम, वहिनी, आत्ता करतो."

वहिनी ओट्याशी होत्या. त्यांनी मान वळवली नाही. "राहू द्या भाऊजी. रविवारी बघू."

"आज रविवारच आहे."

"पुढच्या."

भाऊजी हातात स्क्रूड्रायव्हर धरून माझ्यासमोर उभे राहिले. हे शब्द त्यांनी दादाच्या तोंडून आयुष्यभर ऐकले होते. जरा वेळाने त्यांनी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, मूठ वर उचलली आणि अंग टाकून आत गेले. तेही शिकतील.

सध्या माझं असं चाललंय. अंगावरचा पांढरा रंग मला आवडत नाही, पण सवय होईल. नव्या फरशीवर माझी रेघ उमटायला लागली आहे. अजून फिकट आहे, उजेड आडवा पडला की दिसते. तुम्ही कोणाच्या घरी मदतीला जाल तेव्हा जरूर जा. ओझी उचला, भिंती रंगवा, भांडा. फक्त रंधा हातात घेण्याआधी त्या घरात राहणाऱ्या माणसाला विचारा, आणि ते 'बरं' म्हणालं तर पुन्हा एकदा विचारा.

आता थांबतो. कोणीतरी मला टेकलंय. डावा खांदा आहे.