श्यामसुंदरची आई

पासष्टची लढाई संपून वर्ष झालं होतं. विनीताबाई जबलपूरच्या तुरुंगात कैद्यांना लिहायला-वाचायला शिकवायच्या. बायकांवर अत्याचार करून आलेल्यांशी जरा बोलून बघा, असं तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सुचवलं. बाई धास्तावूनच बसल्या. पण समोर येत गेले ते कुणाचे दीर, कुणाचे मालक, कुणाचे शेजारी. त्या बायकांना परका असा एकही नव्हता.

त्यांतला एक, श्यामसुंदर, कारखान्यात फोरमन होता. ब्लॅकआउटच्या दिवसांत तो मोहल्लाभर फिरून दिवे बंद करवायचा. लोक भैया म्हणून त्याला चहा पाजायचे. अशाच एका संध्याकाळी, उजेड दिसतो म्हणून त्यानं शेजारच्या शकुचं दार वाजवलं. शकु विधवा, त्याच कारखान्यात तंबू शिवणारी, एकटी राहणारी.

"दार तिनंच उघडलं न, बाई," तो शांतपणे म्हणाला.

बाईंना रात्रभर झोप लागली नाही. रविवारी त्या शकुचा पत्ता विचारत गढा मोहल्ल्यात गेल्या. खचलेली, तोंड लपवणारी बाई भेटेल असं त्यांना वाटलं होतं. शकु अंगणात पापड वाळत घालत होती. दारात एक म्हातारी मेथी निवडत बसली होती.

"कारखाना सोडला का तुम्ही?" बाईंनी विचारलं.

"मी काहून सोडू? मी काय केलं?" शकु म्हणाली. मग म्हातारीकडे पाहून म्हणाली, "ह्या त्याच्या आई."

बाईंनी वळून म्हातारीकडे पाहिलं.

"माझी किंकाळी ऐकून ह्याच धावत आल्या. कोर्टातही जे पाहिलं ते सांगितलं. मोठ्या मुलानं त्या दिवशीच ह्यांना घराबाहेर काढलं. मी म्हटलं, चलो मावशी, माझ्याकडे."

"पोटचा पोरगा..." बाई म्हणाल्या.

म्हातारीनं मेथी बाजूला सारली. "पोटचा होता म्हणून खोटं बोलू? ही ओरडून राहिली होती न." मग आवाज खाली आणून तिनं विचारलं, "तुम्ही भेटता न त्याला? जेवतो का तो नीट?"

बाईंनी घाबरून शकुकडे पाहिलं. शकु म्हणाली, "सांगा न, बाई. रोज माझ्याच घरात देवापुढं त्याच्यासाठी हात जोडतात त्या. मी नाही जोडत. पण त्यांना मना नाही करत."

"जेवतो," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं डोळे पुसले. शकुनं तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ती चहा ठेवायला आत गेली. बाईंनी वाकून म्हातारीच्या पायांना हात लावला.