शहाऐंशी काय?

"दाबू?" रसूलने विचारलं.

"दाबा की. मुहूर्त कसला बघताय?" विजयसिंह म्हणाले. कळंबची ही हॅचरी त्यांची. सकाळचा चहा टेबलावर तसाच राहिला होता.

रसूल तांबोळीने बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली : 'ओळ नऊ. ओल = ८६. शहाऐंशी काय? अंश की टक्के?' आणि अंडी उबवायचं ते खोलीएवढं मशीन ढिम्म उभं राहिलं.

"बिघडलं का काय?"

"न्हाय विजयराव. आज पयल्यांदा नीट चाललं."

जळोचीत रसूलचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, ते हळूहळू हॅचऱ्यांच्या मशीनचं झालं. बाहेरून येणाऱ्या मशीनला हुकूम द्यायचे ते इंग्रजीत. चालवणाऱ्या माणसांना ते कुठून जमणार? म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्याने स्वतःच एक छोटी मराठी भाषा रचली. 'गरमी = ९९.५', 'पलटी = ६०', असं एकाखाली एक लिहायचं, की मशीन ऐकतं. तिचं नाव त्याने 'हुकूम' ठेवलं. कुठल्याही नावापुढे कुठलाही आकडा लिहा, ती उलट विचारायची नाही. अगदी गरीब गाय. याचाच त्याला मोठा अभिमान होता.

त्याची मुलगी मुबशिरा कॉम्प्युटर इंजिनिअर झाली आणि घरबसल्या या गायीला नावं ठेवू लागली. "अब्बा, प्रत्येक नाव आधी जाहीर करून घ्या. हे अंश, हे टक्के, हे मिनिटं. आकड्यामागेही तसंच लिहू दे. नाहीतर एक दिवस घोटाळा होईल."

"माज्या माणसांना वकिली नगं," रसूल म्हणायचा. अशी सात वर्षं गेली.

घोटाळा झाला तो याच मशीनमध्ये. आत हवेत ओल किती, हे पूर्वी ओली वात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर बघत, फॅरनहाइट अंशांत. शहाऐंशी अंश म्हणजे बरोबर. रसूलने ते काढून नवं सेन्सर बसवलं. ते टक्के मोजतं, आणि टक्के हवेत पंचावन्न. हे मशीन चालवणाऱ्या द्वारकाबाईंना सांगायचं होतं. त्या दिवशी त्या रजेवर होत्या. फोन करू म्हणाला आणि विसरला.

द्वारकाबाईंनी अकरा वर्षांच्या सवयीने 'ओल = ८६' लिहिलं. पडद्यावरही शहाऐंशीच दिसत राहिले. बाईंना शंका यायचं कारणच नव्हतं. आत मात्र सगळे दिवस वाफारा भरून राहिला. एकविसाव्या दिवशी पंधरा हजार अंड्यांतली मूठभर फुटली. बाकी पिल्लं कवचातच गुदमरली होती.

खापर फुटलं द्वारकाबाईंच्या डोक्यावर. चार गड्यांदेखत विजयसिंहांनी त्यांना मशीनवरून उठवून मागच्या शेडमध्ये ट्रे धुवायला घातलं.

रसूल त्याच दिवशी तपासायला आला होता. पडदा बघताक्षणी त्याला सगळं उमगलं, आणि त्याने मिठाची गुळणी धरली. आधी दुरुस्त करू, मग सांगू, अशी त्याने मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तो भ्याला होता. विजयसिंहांनी चार ठिकाणी तोंड उघडलं, तर सणसरपासून इंदापुरापर्यंत एक गिऱ्हाईक उरलं नसतं.

मग तीन आठवडे दुकानाचं शटर अर्धं ओढून तो मुबशिराच्या हाताखाली शिकाऊ उमेदवारासारखा बसला. जे सात वर्षं नाकारलं, ते ओळीओळीने भाषेत घातलं. आता नाव जाहीर केल्याशिवाय आणि आकडा कशाचा ते सांगितल्याशिवाय 'हुकूम' पुढे सरकत नव्हती. आज त्याने बाकीच्या ओळी सुधारून, ओलीची तेवढी तशीच ठेवून, मुद्दाम द्वारकाबाईंचाच जुना हुकूम मशीनपुढे ठेवला होता.

त्याने विजयसिंहांना सगळं सांगितलं. सेन्सर, टक्के, राहिलेला फोन.

"म्हंजी बाईंची चूक न्हाय?"

"न्हाय. माजी. आन् मला ती त्याच दिवशी कळली हुती."

"तीन आठवडं गप बसलासा?" विजयसिंह खुर्चीतून उठलेच. "तिला मी चारचौघांत काय काय बोललो, ठावं हाय का?"

"हितंच हुतो मी. ऐकलं."

विजयसिंहांनी गार झालेला चहा बाजूला सारला. "तुमचं काय करायचं ते मागनं बघू. तिला जाऊन तुमीच सांगा. माजं तोंड न्हाय."

द्वारकाबाई हौदापाशी गमबूट घालून ट्रे घासत होत्या. पाण्याने बोटं पांढरीफटक पडली होती. रसूल उभ्या उभ्याच बोलला, काही न लपवता.

"पिल्लं माज्या हातनं न्हाय मेली?" एवढंच त्यांनी विचारलं.

"न्हाय, आक्का."

त्या पालथ्या क्रेटवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. "हाताला कायतरी झालंय म्हणलं माज्या. तुळशीला पाणीबी सुनंला घालाय लावत हुते."

रसूलला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं.

"लई उशीर केलासा, भाऊ," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "पर आलासा."

तेवढ्यानेच त्याचा जीव भांड्यात पडला.

हात धुऊन, गमबूट उतरवून द्वारकाबाई मशीनपुढे बसल्या. रसूलने सांगितलं तसं त्यांनी वर लिहिलं : 'टक्के ओल'. आकड्यामागे अंश की टक्के तेही लिहायचं होतं; पण पुढची ओळ जुन्या सवयीनेच उमटली : 'ओल = ८६ अंश'. लगेच लाल अक्षरं आली : 'ओल टक्क्यांत सांगा.'

रसूलच्या मनात आलं, बाई पुन्हा खचतात की काय! पण त्यांनी ते अक्षर अक्षर लावून वाचलं आणि चक्क हसल्या.

"बरी हाय की ही! चुकलं तर हीच सांगती. आता म्या कुणाच्या तोंडाकडं बघायला नगं."

त्यांनी ते खोडून रसूलने सांगितलेलं 'ओल = ५५ टक्के' लिहिलं. मशीन घुमू लागलं.

अंड्यांचा भरलेला गाडा दाराशी उभा होता. द्वारकाबाईंनी दांडा धरला, रसूलने मागून हात लावला. दारात विजयसिंह उभे होते.

"सरका मालक," द्वारकाबाई म्हणाल्या, "अंडी येत्यात."

विजयसिंह सरकले, आणि गाडा आत जाईपर्यंत दार हाताने धरून उभे राहिले.