दिवाणची पेटी

मुर्री गावच्या उमरावचा पाय शेताच्या धुऱ्यावरून घसरून मोडला तेव्हा तीन महिने त्याला खाट सोडता आली नाही. जन्मभर धानाच्या बांधीत वावरलेला माणूस, घरात पडून पडून चिडचिडा झाला. त्याचा जीव रमावा म्हणून मुलानं, वीरेंद्रनं, नागपूरहून काचेच्या पेटीत एक कासव आणलं. तळहाताएवढं, डोळ्यांमागे लाल पट्टा असलेलं. उमरावनं त्याचं नाव ठेवलं दिवाण. पुढे पाय सांधला, जरा आखडलेला राहिला, पण दिवाणचं खाणंपिणं आणि पेटीची सफाई उमरावनं कुणाला करू दिली नाही.

दिवाण ठणठणीत होता. आजारी पडली ती अकरा महिन्यांची नात, आचल.

आधी ताप, मग हगवण, आणि तिसऱ्या दिवशी लंगोटात रक्त दिसलं. गावातल्या डॉक्टरचं औषध लागू पडेना, म्हणून तिला गोंदियाच्या दवाखान्यात भरती केलं. तिथल्या सुयांनीही चार दिवस ताप हटला नाही. पोर रडायचीही थांबली, नुसती पडून राहायची. उमराव रोज सकाळी यायचा आणि वॉर्डाच्या दाराशी उभा राहायचा. आत जायचा धीर होत नसे.

पाचव्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट आला. तिथल्या डॉक्टर टीनांनी सून रेणू आणि उमराव, दोघांनाही बोलावलं.

"साल्मोनेला नावाचा जंतू आहे," त्या म्हणाल्या. "नेहमीच्या औषधांना तो दाद देत नाही. ज्यानं मरेल असं एक औषध रिपोर्टात निघालंय, ते आजच सुरू करते. पण हा घरात आला कुठून? कोंबड्या आहेत? कुत्रा, पोपट, कासव?"

"कासव हाय," रेणू म्हणाली. "पन पोरगी त्याले हात नाई लावत. पेटी उंचावर राहते."

"पेटी धुता कुठं?"

आखडलेल्या पायानं पायऱ्या उतरून अंगणात जायचा कंटाळा म्हणून उमराव दिवाणचं पाणी स्वयंपाकघराच्या मोरीत ओतायचा. तिथंच पेटी घासायचा, आणि तिथंच आचलचे वाटी-चमचे पडलेले असायचे. 'मामाजी, आंगनात धुवा ना,' असं रेणूनं दोनदा म्हटलं होतं. दोन्ही वेळा तो तिच्यावर खेकसला होता.

"बाहेरच धुतो, डॉक्टर," रेणू खाली बघत म्हणाली.

उमरावनं तिच्याकडे पाहिलं. मग घसा खाकरून म्हणाला, "नाई, डॉक्टर. मीच धुतो. सैपाकाच्या मोरीत. हिनं सांगतलं होतं, मी आयकलो नाई."

डॉक्टर रागावल्या नाहीत. "सांगितलंत ते बरं झालं," त्या म्हणाल्या. "कासवाच्या पोटात हे जंतू सुखानं राहतात, त्याला काही होत नाही. म्हणून कुणाला शंका येत नाही. त्याचीही तपासणी करून घ्या."

बाहेर बाकावर बसल्यावर उमरावनं विचारलं, "काऊन खोटं बोलली, बेटा?"

"तुमी आठ दिवसांपासून धड जेवले नाई, मामाजी," रेणू म्हणाली. "आनखी कितीक मारू तुमाले?" आणि मग इतके दिवस आवरलेलं रडू तिला फुटलं.

जनावरांचे डॉक्टर इंद्रकुमार यांनी दिवाणचा नमुना नेला. तोच जंतू निघाला, त्याच औषधांना न जुमानणारा. त्या दुपारी उमरावनं दिवाणला बादलीत घातलं आणि गावच्या तलावावर निघाला. बांधावरच, पारीवर, इंद्रकुमार भेटले.

"सोडू नका, उमरावभाऊ. हे परदेशी कासव आहे. इथल्या मासोळ्या खाईल, आपल्या कासवांना जगू देणार नाही. जंतू पाण्यात जातील ते वेगळंच."

तो तलाव उमरावच्या पणज्यानं गावाला सोबत घेऊन खोदला होता. उमराव बादली घेऊन पारीवर उभाच राहिला. "मंग मारू का याले? त्याचा का गुन्हा हाय, साहेब?"

इंद्रकुमारांनी बादलीत डोकावून पाहिलं. त्यांच्या घरी ते आणि बायको, दोघंच; लहान मूल कुणी नव्हतं. मागच्या अंगणात एक रिकामी टाकी होती. "द्या माझ्याकडे," ते म्हणाले. "पण पाणी बदलायला दर सोमवारी तुम्ही यायचं. हातमोजे घालून."

नव्या औषधानं तिसऱ्या दिवशी आचलचा ताप उतरला. बाराव्या दिवशी ती घरी आली, काडीसारखी होऊन. उमरावनं मोरी आधीच तीनदा घासून ठेवली होती. पण नातीला तो हात लावेना. लांब खाटेवर बसून बघायचा.

दोन दिवस रेणूनं हे पाहिलं. तिसऱ्या दिवशी मुगाच्या पाण्याची वाटी तिनं त्याच्यापुढे ठेवली आणि पोर सरळ त्याच्या मांडीवर बसवली.

"हात धुतले ना साबनानं?"

"धुतलो."

"मंग भरवा. नुसते पाहून काऊन राहिले?"

उमरावनं चमचा पुढे केला. आचलनं चार चमचे घेतले. पाचवा तिनं त्याच्या सदऱ्यावर फुर्रकन उडवला, आणि रेणू कितीतरी दिवसांनी मोठ्यानं हसली.