लेतायला सांगायचं होतं

लेतायची आई गेली, हे एका लेतायला सोडून आमच्यात सगळ्यांना माहीत होतं. आमच्यात म्हणजे या बेटावरच्या एरिट्रियन माणसांत, तिला सोडून आम्ही सहा. बाकीचं गाव नॉर्वेजियन. कुणाची आई आहे आणि कुणाची गेली, याच्याशी त्यांना घेणंदेणं नसतं. निदान मला तरी तसंच वाटत होतं.

फोन मला आला. लेतायचा थोरला भाऊ तेकले तिकडे केरेनला असतो. तो म्हणाला, "अदेय अब्रेहेत, आई गेली गं. झोपेतच गेली. काल माती दिली." आमच्यात वयाने मोठ्या बाईला अदेयच म्हणतात, म्हणजे आई. मग तो रडला आणि रडता रडताच म्हणाला, "लेतायला मी फोनवर काही बोललेलो नाही. आई झोपलीय, घसा बसलाय, असलं काहीतरी सांगतोय. तुम्ही सांगा तिला. नीट सांगा."

नीट म्हणजे कसं, ते आम्हाला शिकवावं लागत नाही. परक्या मुलखातल्या माणसाला घरचा मृत्यू फोनवर कळवत नाहीत. त्याची तिथली माणसं जमतात आणि उजाडायच्या आत त्याच्या दारात जाऊन उभी राहतात. दार उघडलं की त्याला कळतंच, तरी जो सगळ्यांत मोठा असेल त्याने तोंडाने सांगायचं. तो कोसळला तर धरायला हात असतात आणि त्याने हंबरडा फोडला तर त्याच्यासोबत रडायला माणसं असतात. मग बारा दिवस त्याला एकटं सोडायचं नाही. गाद्या जमिनीवर, चूल बंद, जेवण शेजारपाजाऱ्यांकडून. माझ्या बापाची बातमी मला खार्तूमला अशीच मिळाली. अख्खी गल्ली आली होती. एक बाई तर मला ओळखतही नव्हती, पण माझ्याइतकीच रडली.

त्याच संध्याकाळी मी गिरमायच्या घरी गेले. गिरमाय आमच्यात सर्वांत आधी इथे आला, त्यामुळे हे बेट आपणच शोधून काढलं असं त्याला वाटतं. मी म्हणाले, "उद्या पहाटे जाऊ."

"उद्या?" तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात तिची भाषेची परीक्षा आहे. पास झाली तर कायमचं राहायला मिळेल. आत्ता सांगितलंस तर दोन वर्षांची मेहनत पाण्यात."

"अरे, आई काय रोज मरते?"

"म्हणूनच म्हणतो ना! गेलेली आई आठवडाभर थांबेल, परीक्षा थांबणार नाही. उगाच तिला त्रास नको."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी भांडले, कारण भांडणं हा माझा स्वभावच आहे. पण त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून गप्प बसले.

लेताय माझ्याच शेजारी काम करायची. माशांच्या कारखान्यात पट्ट्यावरून कॉड मासा येतो. ती काटे काढायची आणि मी तुकडे नीट करून पेटीत भरायची. कानावर आवाज अडवणारे डबे, डोक्यावर जाळी, हातात दोन-दोन मोजे. तिथे तुम्ही शेजारच्या बाईसोबत वर्ष काढू शकता आणि तिचा चेहरा धड पाहिलेला नसतो. त्या आठवड्यात मला ते सोयीचं वाटलं. जेवणाच्या सुट्टीत मात्र समोरासमोर बसावं लागायचं. नॉर्वेजियन बायका डब्यातले गार पावाचे तुकडे खायच्या, आम्ही आमची आंबट इंजेरा भाकरी गरम करायचो आणि त्या नाक न मुरडता नाक मुरडायच्या. लेताय हसून म्हणायची, "खा गं अदेय, त्यांच्या नाकाला तेवढाच व्यायाम."

एवढं हसत होती. मी मनात म्हणायची, हस बाई, हसून घे.

परीक्षा झाली. ती पास झाली. मी गिरमायला गाठलं, तर तो म्हणाला, "अगं, हंगाम सुरू झालाय." खरंच होतं. उत्तरेकडून मोठा कॉड आला होता, बोटी भरभरून येत होत्या, कारखाना तिन्ही पाळ्यांत चालत होता आणि रजेचा शब्द काढला तरी मुकादम आर्विद असं बघायचा की जणू त्याच्या बोटीला भोक पाडलंय. आमच्या सहाजणांना एकत्र सुट्टी मिळणं अशक्य. मग ठरलं, त्रोम्सोहून पाद्री बोलवू, म्हणजे जरा रीतसर होईल. पाद्री यायला निघाला आणि वादळाने फेरीबोट बंद पडली. पुढच्या आठवड्यात पाद्रीच आजारी. एकेक कारण घ्या आणि उन्हात धरून बघा, कशातच खोट नाही. असा महिना गेला.

मधे एकदा मोजे काढता काढता लेताय मला म्हणाली, "अदेय, रविवारी पहाटे ये ना माझ्याकडे. कॉफी भाजते."

"पहाटे?" मी म्हणाले. "एक रविवार मिळतो झोपायला! अकराला येते."

"बरं, अकराला," ती म्हणाली.

अकराला गेले. कॉफी झाली. रीतीच्या तिन्ही फेऱ्या झाल्या. ती तेकलेबद्दल बोलली, त्याच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलली, आईचं नाव काढलं नाही आणि मीही काढू दिलं नाही. खिडकीत पांढऱ्या फुलांची एक कुंडी होती. कुठून आणली विचारलं, तर म्हणाली, "खालच्या बोर्गहिल्डने दिली." बोर्गहिल्ड म्हणजे तिच्या खालच्या मजल्यावर राहणारी म्हातारी. जिन्यात भेटली तर हवेबद्दल दोन वाक्यं बोलायची आणि दार लावून घ्यायची. मला वाटलं, परीक्षा पास झाली म्हणून दिली असेल. हे लोक कशालाही फुलं देतात.

आणखी एक गोष्ट. पहिल्या पाळीआधी मी शाळेची साफसफाई करते, तेव्हा तिच्या घरावरून जावं लागतं. सगळं गाव अंधारात असताना तिच्याकडे दिवा दिसायचा. रोजच. परीक्षेआधी म्हणायची, अभ्यास करत असेल. परीक्षेनंतर म्हणायची, सवय लागली असेल. माणसाला उत्तर हवंच असलं की ते मिळतंच.

शेवटी मीच गिरमायच्या दारावर लाथ मारली म्हणा ना. "पाद्री नको, सुट्टी नको, काही नको. शनिवारी पहाटे पाचला जायचं. जो येणार नाही त्याच्या मयताला मी येणार नाही."

सहातले चौघं आलो. दोघं रात्रपाळीला अडकले होते. बाहेर बर्फ कडक झालेलं, वारा तोंडात सुया टोचत होता. गिरमायने कोट घातला होता आणि कोटाखाली कारखान्याचे कपडे. माझ्याही अंगात तेच होते. शनिवारी जादा काम होतं, सातची पाळी. जिना चढायला लागलो. बोर्गहिल्डच्या दारापाशी आलो तसे आम्ही सगळे आपोआप चवड्यांवर चालायला लागलो. हंबरडा फोडायला निघालेली माणसं, आणि चवड्यांवर!

मी घंटी वाजवायला हात उचलला, तर दार उघडंच होतं. नुसतं लोटलेलं.

आत दिवा होता. सोफा भिंतीला उभा करून ठेवलेला. गाद्या जमिनीवर अंथरलेल्या, भिंतीला लागून, दहा-बारा माणसं बसतील अशा. मधोमध लेताय बसली होती. वेण्या सोडलेल्या, केस खांद्यावर मोकळे. अंगावर पांढरी नेत्सेला, आमची ती पातळ सुती शाल, आणि तिचा रंगीत काठ वर, गळ्याभोवती. आमच्यात काठ वर घेऊन नेत्सेला एकाच वेळी पांघरतात, घरात मृत्यू झाला की.

मी म्हणाले, "लेताय, तुला..."

"स्टॉकहोमच्या मावसबहिणीने मेणबत्तीचा फोटो टाकला होता फेसबुकवर. खाली आईचं नाव," ती म्हणाली. "तासाभराने काढून टाकला. कुणीतरी ओरडलं असेल तिला. पण मी पाहिला होता."

"कधी?"

"परीक्षेच्या आधी."

मी तिथेच, दारापाशीच, खाली बसले.

"त्या दिवशीच सगळं अंथरलं मी," ती म्हणाली. "म्हटलं, उद्या पहाटे येतील. दुसऱ्या दिवशी परत अंथरलं. रोज पहाटे अंथरते, सहाला गुंडाळते आणि कामाला येते. जाळीखाली सोडलेल्या वेण्या कुणाला दिसतात?"

"मग बोलली का नाहीस पोरी?" गिरमाय रडवेला झाला होता. "एक शब्द तरी बोलायचास!"

"मी बोलायचं?" पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "आपली आई मेली म्हणून लोकांना बोलवायला आपणच जायचं? अदेयला म्हणाले होते ना मी, पहाटे ये. अकराला आली. हसत आली." मग माझ्याकडे बघून, जरा हळू, "तोंडी परीक्षेत त्या बाईने विचारलं, तुझ्या आईबद्दल काही सांग. मी सांगितलं, माझी आई रोज लवकर उठते, तिच्या चार शेळ्या आहेत. सगळं 'आहे' म्हणूनच सांगितलं. तुम्ही कुठे अजून मला सांगितलं होतंत?"



"आता तरी सांगा," ती म्हणाली. "एवढे आलात ना. सांगा मला."

मीच सगळ्यांत मोठी. उठून तिच्यापुढे गेले, तिचे दोन्ही हात धरले. माशाच्या पाण्याने चिरलेले, माझ्यासारखेच. म्हणाले, "लेताय, आई गेली गं तुझी."

आणि मग ती ओरडली. महिनाभर दाबून ठेवलेलं सगळं बाहेर आलं. मी ओरडले, गिरमाय ओरडला, त्याच्या मागचे दोघं भिंतीला डोकं लावून रडले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला बरं वाटत होतं, हेही खरं सांगते. महिन्यात पहिल्यांदा मी काहीतरी धड करत होते.

मग गिरमायच्या खिशात गजर वाजला. पाळीचा.

त्याने घाईघाईने तो बंद केला, पण सगळ्यांनी ऐकला होता. लेताय गप्प झाली. नेत्सेलाने डोळे पुसले आणि आमच्या पायांकडे बघितलं. आमच्यातल्या कुणीच बूट काढले नव्हते. "जायचंय ना तुम्हाला?" ती म्हणाली. "जा."

ते तिघे गेले. जाताना गिरमाय दोनदा म्हणाला, "संध्याकाळी येतो." मी गेले नाही. जिन्याच्या तोंडाशी उभी राहून आर्विदला फोन लावला. या देशात शेजारणीच्या आईसाठी रजा नसते, म्हणून म्हणाले, "माझी आई वारली."

"फार वाईट झालं," तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. माणूस वाईट नाही तो. "दफन कधी आहे?"

"झालं. महिना झाला."

"अब्रेहेत," तो म्हणाला, "मग आज येता येईल ना तुला?"

मी फोन ठेवून दिला. सोमवारी तो मला काय म्हणेल ते मला माहीत होतं आणि मला त्याची पर्वा नव्हती. आत येऊन लेतायच्या शेजारी गादीवर बसले. दहा-बारा माणसांच्या गाद्या आणि आम्ही दोघी. ती आता आवाज न करता रडत होती आणि मला काही सुचत नव्हतं. बाराजणांचं काम एकटीने कसं करतात, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. सावकाश, एकेक पायरी. दारापर्यंत आली आणि थांबली. घंटी वाजली नाही. काहीतरी जमिनीवर ठेवल्याचा आवाज झाला.

"बोर्गहिल्ड," लेताय म्हणाली. "तिला ठाऊक आहे. मी फोटो पाहिला त्या दिवशी जिन्यात बसले होते, तेव्हा विचारलं तिने, काय झालं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दारात कुंडी. घंटी नाही, काही नाही. तेव्हापासून अशीच येते, ठेवते आणि जाते."

मला असा राग आला! या देशाचा, या बर्फाचा, या बंद दारांचा, सगळ्याचा राग. उठले आणि धाडकन दार उघडलं. पायाशी रुमालात बांधलेले गरम वॅफल्स होते. म्हातारी दोन पायऱ्या उतरली होती. अंगात झोपेचा झगा, पायात लोकरीचे मोजे, कठड्याला घट्ट धरून. आमचा सगळा आरडाओरडा तिने खाली बसून ऐकला असणार.

"आत का येत नाहीस?" मी म्हणाले. मोडक्यातोडक्या नॉर्वेजियनमध्ये, जवळजवळ ओरडूनच. "ती एकटी आहे आत! महिनाभर एकटी आहे! आत का नाही येत तू?"

बोर्गहिल्ड लाल झाली. झग्याचा पट्टा तिने दोनदा आवळला.

"मला वाटलं," ती म्हणाली, "उगाच तिला त्रास नको."

मी बाजूला झाले आणि दार तिच्यासाठी धरून उभी राहिले. तिने मानेनेच नको म्हटलं आणि कठडा धरून हळूहळू खाली उतरून गेली.