डेलने भरलेली शेवटची पेटी

डेल हाउगेन वसंतात गेला, आणि त्याच वर्षी शरदात त्याची बायको रोंडा त्याची रायफल घेऊन एकटीच एल्क या थोराड हरणाच्या शिकारीला निघाली. त्यात कुणाला नवल वाटलं नाही. वायोमिंगच्या आमच्या खोऱ्यात बायका शिकार करतातच, आणि रोंडाचा नेम आपल्यापेक्षा बरा आहे हे डेल स्वतः चारचौघांत सांगायचा. तिच्या सासऱ्याची, म्हाताऱ्या वर्लिनची, तक्रार होती ती काडतुसांबद्दल.

डेलने दुकानातली काडतुसं कधी वापरली नाहीत. आपल्या तीनशे मॅग्नम रायफलीची उडवलेली पितळी नळकांडी तो जपून ठेवायचा. ती घासूनपुसून, पुन्हा मापात आणून, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवून, आत काट्यावर तोललेली बारूद घालून वर गोळी दाबायचा. गराजमधल्या एका बाकावर त्याचं हे काम चाले. वर्लिननेच त्याला ते शिकवलेलं. उन्हाळ्यात नेमबाजीच्या सामन्यांना तीच काडतुसं आणि बर्फाच्या तोंडाशी घरात मांस आणायलाही तीच. पुढे डोक्यात गाठ निघाली, बोलता बोलता शब्द हरवायला लागले, तरी त्याने बाकावर बसणं सोडलं नाही. शेवटची पेटी त्याने रोंडासाठी भरली.

"ती पेटी नको नेऊस," वर्लिन तिला म्हणाला तेव्हा मी त्यांच्याच स्वयंपाकघरात कॉफी पीत होतो. मी ऑरिन, घोड्यांना नाल ठोकतो. डेल आणि मी शाळेपासूनचे.

"का, पॉप?"

"का म्हणजे? तो कुठल्या अवस्थेत होता ते तुला काय मी सांगायचं? मी आणतो ना दुकानातली."

"मी शेजारी बसले होते," रोंडा म्हणाली. "हात जरासुद्धा थरथरला नाही त्याचा. त्याने माझ्यासाठी भरलीयेत ती."

म्हाताऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी कपात बघितलं. रोंडा "बरं, बघते" म्हणाली आणि विषय तिथेच राहिला.

पुढच्या आठवड्यात वर्लिनच्या दोन घोड्यांचे नाल बदलायला मी सकाळीच गेलो. रोंडाची गाडी नव्हती. वर्लिन गराज आवरत होता. तो बाक आता आपल्या नजरेसमोर नको, असं रोंडानेच त्याला सांगितलं होतं. एका घोड्याचा मागचा पाय मांडीवर घेऊन मी जुना नाल नुकताच उपटला होता, तेवढ्यात वर्लिन बाहेर आला. चालण्यावरूनच कळलं, काहीतरी बिनसलंय.

"ऑरिन, हे बघ." त्याने मूठ उघडली. तळव्यावर काळसर, खसखशीसारखे गोल दाणे होते.

"बारूद आहे."

"ते मलाही दिसतंय, शहाण्या. कसली आहे?"

मी दाणे चिमटीत घेतले. "पिस्तुलाची?"

"काडतुसात बारूद ओतायच्या नरसाळ्यात उरली होती. आणि हा मॅग्नमच्या बारुदीचा डबा." त्याने दुसरा हात पुढे केला. "याचं सील तोडलेलंच नाही."

माझ्या मांडीवरून घोड्याचा पाय सुटला.

मॅग्नमची बारूद जाडी, काड्यांच्या तुकड्यांसारखी असते आणि सावकाश जळते. गोळीला लांब नळीभर ढकलत नेते. पिस्तुलाची बारूद एकदम भडकते. तेवढ्याच वजनाची पिस्तुलाची बारूद मॅग्नमच्या नळकांड्यात घातली, तर रायफल फुटते, आणि फुटते ती गालाशी, जिथे नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

"आधीचा एखादा डबा असेल ना संपलेला?" मी म्हणालो.

"आहे की. कचऱ्यात पडलाय. पण तो संपला कधी? पेटी भरून झाल्यावर, का मधेच? मधेच संपला असेल तर पुढची या दाण्यांनीच भरली असणार."

"पेटी कुठाय?"

"फळीवर नाही." त्याने डबा काखेत मारून फोन काढला. "घेऊन गेलीय ती. फोन लावतोय मघापासून. डोंगरात कसला लागतोय!"

ती कुठे गेली असणार हे दोघांनाही माहीत होतं. वणव्यात जळालेल्या वरच्या रानापाशी डेलची बसायची एक जागा होती. एल्क तिथे सकाळी उघड्यावर चरतात आणि ऊन चढलं की झाडीत शिरतात. आम्ही दोन्ही घोडे ट्रेलरमध्ये चढवले, एक चार नालांवर आणि एक तीन. पायवाट जिथे सुरू होते तिथे रोंडाची गाडी उभी होती. काचेवरचं दव केव्हाच वाळलं होतं.

मी तीन नालांच्या घोड्यावर बसलो. वाटेवर पातळ बर्फ पडला होता आणि त्यात रोंडाच्या बुटांचे ठसे सरळ वर गेले होते. वारा समोरून होता. वर्लिनने दोनदा तिला हाक मारली, पण हाक वाऱ्याने त्याच्याच तोंडावर परत आली.

"मी तेव्हाच ती पेटी उचलून नदीत टाकायला हवी होती," तो म्हणाला.

"मग तिने तुम्हालाच नदीत टाकलं असतं."

"टाकू दे की! पोहता येतं मला."

खडकाळ चढाला माझा घोडा लंगडायला लागला. मी उतरलो आणि लगाम धरून चालू लागलो. तेवढ्यात वरून बार ऐकू आला.

एकच. डोंगरावर आपटून खाली दरीत गेला आणि विरला.

वर्लिनने घोडा थांबवला. त्याला कमी ऐकू येतं, पण हे ऐकू आलं होतं. "कसा वाटला आवाज?"

"बारासारखा बार."

"अरे, नीट सांग ना! रायफलीचा वाटला, का फुटल्याचा?"

"मला नाही सांगता येत, वर्लिन. फुटलेली रायफल मी कधी ऐकलीच नाही."

दुसरा बार येतो का, म्हणून आम्ही कान देऊन उभे राहिलो. दुसरा आला तर निदान ती जिवंत आहे एवढं कळेल, असं एक मन म्हणत होतं. तोच दुसरा बार तिचा जीव घेईल, असंही वाटत होतं. अस्वलांसाठी माझ्या कमरेला रिव्हॉल्व्हर असतं. ते काढून मी आकाशात ओळीने तीन बार काढले. कुणी संकटात असलं की आमच्याकडे तीन बार काढतात, ते रोंडालाही ठाऊक होतं. उत्तर आलं नाही. वर्लिनने घोड्याला टाच मारली आणि माझ्यासाठी न थांबता वर गेला. मी धावत सुटलो. छातीत आग पेटली होती. डोळ्यांपुढे रोंडाचा चेहरा येत होता आणि तो मला नीट बघवत नव्हता.

जळक्या रानाच्या कडेला पोचलो, तर रोंडा उभी होती. चेहरा सबंध. दोन्ही डोळे जागच्या जागी. रायफल हातात, बोल्ट बंद, म्हणजे नळीत काडतूस तयार. वर्लिन घोड्यावरून उतरताना रिकिबीत अडकून जवळजवळ पडलाच.

"काय झालं?" ती ओरडली. "कुणाला लागलं? तीन बार कुणी काढले?"

"रायफल खाली ठेव."

"पॉप, नर जखमी आहे! गोळी जरा मागे लागली. त्या झाडीत शिरलाय. तुमचे बार ऐकले म्हणून थांबले, नाहीतर दुसरी मारतच होते—"

"रायफल. खाली. ठेव."

वर्लिनने सुनेशी या सुरात बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. तिनेही नसावं. तिने रायफल खोडाला टेकवली, पण हात काढला नाही. सील न तोडलेला डबा, नरसाळ्यातले दाणे, सगळं त्याने दम लागलेल्या आवाजात सांगितलं. ऐकता ऐकता तिचे ओठ पांढरे झाले. भीतीने नव्हे, रागाने.

"एक बार काढलाय मी आत्ता. काही झालं? सांगा ना, काही झालं मला?"

"ते पेटीतलं कितवं होतं?"

"मी काय मोजून घेतली? मूठभर काढली नि खिशात टाकली."

"मग?"

"मग काय? तिकडे जनावर रक्त गाळत पडलंय, आणि तुम्ही त्याच्या कामात खोट काढताय! तो असता तर बोलला असतात त्याच्या तोंडावर?"

"तो असता," म्हातारा म्हणाला, "तर माझ्या आधी धावत आला असता इथे."

वर्लिन हळू आवाजात पुढे म्हणाला, "काडतूस काढ. कानाशी धर आणि हलव. मॅग्नमची बारूद गळ्यापर्यंत ठासलेली असते, ती वाजत नाही. पिस्तुलाची बारीक असते. तेवढ्याच वजनाला कमी जागा घेते. ती आत सरकते. मला ऐकू येणार नाही. तूच ऐक."

रोंडाने बोल्ट मागे ओढला. चमकतं पितळी काडतूस तिच्या तळव्यावर आलं. ती पाठीवर वारा घेऊन खोडाआड खाली बसली, टोपीची कड कानावर ओढली आणि काडतूस हलवलं. मग पुन्हा हलवलं.

"रोंडा?" मी म्हणालो.

तिने ते माझ्या हातात दिलं. मी कानाशी धरलं. आत वाळू सरकावी तसा बारीक आवाज आला.

हेच काडतूस नळीत होतं. चापावर तिचं बोट होतं.

रायफलीच्या खालच्या कप्प्यातली दोन तिने काढली. एक गप्प होतं, एक वाजत होतं. गप्प होतं ते वर्लिनपुढे धरून तिने नुसतं बघितलं. तो मान हलवत म्हणाला, "नाही गं. हेही नको. आता यातल्या कशाचीच खात्री नाही मला."

मी रिव्हॉल्व्हर तिच्या हातात दिलं. "तीनच उरल्यात. अगदी जवळ जावं लागेल."

परवाना तिचा, बार तिचा, जनावरही तिचं. ते संपवायचं कामही तिलाच करायचं होतं. झाडीत अंधार होता आणि जमिनीवर रक्ताचे डाग. मी मागे राहून बाजूच्या झुडपांवर नजर ठेवली. बाराचा आवाज ऐकून अस्वलं मांसाकडे येतात, हल्ली तर फारच. वर्लिन रिकामी रायफल घेऊन माझ्या शेजारी चालत होता. काठीइतकाही तिचा उपयोग नव्हता.

नर एका पडलेल्या झाडामागे बसला होता. शिंगं आधी दिसली, मग उसळणारी कूस. आमची चाहूल लागताच तो पुढच्या पायांवर उठला. रोंडा थांबली नाही. फांद्यांमधून वाकून ती इतकी जवळ गेली की त्याने मान फिरवली असती तर शिंग तिच्या बरगड्यांत गेलं असतं. त्याने मान फिरवलीच. तिने त्याच क्षणी बार काढला, आणि लगेच दुसरा. तो पुढच्या गुडघ्यांवर आला आणि झाडाला टेकून थंड झाला.

ती त्याच्या मानेवर हात ठेवून बसली. खांदे हलत होते. वर्लिन तिच्याकडे जायला निघाला, मग थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "सुरी काढ. अस्वल आपली वाट बघत बसणार नाही." मांस घोड्यांवर लादून आम्ही ऊन असतानाच खाली आलो. माझा घोडा सगळी वाट कुरकुरत होता आणि त्याचं बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रोंडाने मला बोलावून घेतलं. गराजमधल्या बाकावर ती पेटी उघडी होती. वर्लिनला ती काडतुसं एकट्याने उघडायची नव्हती, आणि तिलाही. प्लास्टिकची एक हातोडी असते, तिच्यात काडतूस अडकवून लाकडावर आपटलं की गोळी सुटते आणि बारूद बाहेर पडते. रोंडा आपटत होती, वर्लिन बशीत बारूद ओतून काट्यावर ठेवत होता. पहिल्या ओळीत जाड्या काड्या. दुसऱ्या ओळीतही जाड्या काड्या. वजन प्रत्येक वेळी एकच, केसाइतकाही फरक नाही. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर बशीत काळी खसखस पडली.

वर्लिनने तीही तोलली. वजन तेच.

पुढची सगळी तशीच होती. प्रत्येक माप अचूक.

जिथे खसखस सुरू झाली, पेटीतल्या त्या खाचेवर म्हाताऱ्याने बोट ठेवलं. "इथवर माझा मुलगा होता," तो म्हणाला.

रोंडाने हातोडी खाली ठेवली. मग म्हणाली, "मी शेजारी होते, पॉप. त्याने डबा बदलला तेव्हाही मी शेजारीच होते. मला हसून म्हणाला, आज हात चांगला चाललाय. मी हो म्हटलं."

"तुला काय कळणार होतं?"

"काहीच नाही. म्हणून तर सांगतेय." तिने बाकाखालचं स्टूल पुढे ओढलं. "मला शिकवा. सगळं, पहिल्यापासून. आणि एका वेळी बाकावर एकच डबा. दुसरा दिसला तर मी तुम्हालाही हाकलीन."

"हाकल," वर्लिनने बाहीने नाक पुसलं. "पण आधी हे बाहेर नेऊ."

दोन्ही बारुदी एका पत्र्याच्या डब्यात घेऊन ते दोघं मागच्या कुंपणापाशी गेले. जुनी माणसं उरलेली बारूद गवतावर पसरतात, पावसापाण्यात ती विरघळून मातीला खत होते. रोंडा मुठीमुठीने उडवत होती. वाऱ्याने थोडी वर्लिनच्या पँटवर आली. तो म्हणाला, "अगं, मी काय गवत आहे?" आणि ती हसली. डेल गेल्यापासून तिचं हसणं मी प्रथमच ऐकलं.

"ऑरिन," कुंपणापासून तिने हाक मारली, "उद्या मांस कापायला ये. आणि येताना सुरीला धार लावून आण, कालची म्हणजे नुसता चमचा होता."