एल्रॉयचा हुंदका

"गिटारचं पेडल कुठाय?" मी विचारलं.

"गाडीत. आज नको," एल्रॉय म्हणाला आणि माझ्या बहिणीच्या खाटेजवळ खुर्ची ओढून बसला. गिटारही त्यानं साधी लाकडी आणली होती.

व्हर्नेलची नजर गेली होती. औषधांमुळे शुद्धही येऊन जाऊन असायची. सकाळी मात्र तिनं मला बजावलं होतं, "लायनेल, एल्रॉयला सांग, आपल्या लग्नाआधी आमच्या पोर्चवर वाजवायचास तसं वाजव. एकदाच." आता तिला डुलकी लागली होती.

पोर्चवरच्या त्या दिवसांत एल्रॉय जॅझ वाजवायचा. व्हर्नेल शेंगा सोलत बसायची आणि हा तिच्याशी गप्पा माराव्यात तसा वाजवायचा. अडखळायचा, हसायचा, पुन्हा सुरू करायचा. पुढे एका रॉक रेकॉर्डवर त्यानं पायाखालचं, आवाज बदलणारं पेडल दाबून एक सूर वर ओढला, थरथरवला आणि रडताना आवाज तुटावा तसा तोडला. झालं! सगळ्या मेम्फिसमध्ये त्याचं नावच 'हुंदका' पडलं. कुठंही उभा राहिला की लोक ओरडायचे, "हुंदका काढ रे!" तो जन्मभर काढत राहिला. मागे बास गिटार वाजवणारा मी; माझीही चूल त्यावरच पेटायची. व्हर्नेल तेवढी टोचायची, "दुकान जोरात चाललंय हो तुझं. दुकानदार कुठं गेला?" एल्रॉय ते हसण्यावारी न्यायचा.

आज त्यानं सुरुवात फार छान केली. संथ, साधी. मला आमचं पोर्च आठवलं. मग एका वरच्या सुरावर त्याचं बोट चढलं, थरथरलं आणि सूर तुटला. पायसुद्धा आपोआप जमिनीवर दाबला गेला. तिथं पेडल नव्हतं.

दारातली नर्स हरखली. "अय्या, तुम्ही 'हुंदका' ना? माझ्या वडिलांकडे रेकॉर्ड होती तुमची!"

एल्रॉयनं मान खाली घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पुन्हा त्याच जागी तेच. तिसऱ्यांदाही तेच झालं.

"हात ऐकत नाही, लायनेल," तो माझ्या कानाशी पुटपुटला. "तिथं मी काय वाजवायचो, तेच आठवत नाहीये."

मलाही आठवत नव्हतं. इतक्या वर्षांत ते आम्ही दोघांनीही गमावलं होतं.

व्हर्नेल चाळवली. "लायनेल, किती वेळ तो रेडिओ चालू ठेवलायस? बंद कर. आणि एल्रॉय आला का बघ जरा."

एल्रॉयनं तारांवर पंजा ठेवला. "केला गं बंद," तो म्हणाला.

आवाज ओळखून ती हसली. "आलास होय? मग वाजव ना."

तिनं मान त्याच्याकडे वळवली आणि कान देऊन वाट बघू लागली. एल्रॉय गिटार मांडीवर धरून तसाच बसून राहिला.